सरजाबाईचं माळवद

आमच्या खडकतळं गावात माळवदाची साठ-सत्तर घरं होती आणि त्यातल्या प्रत्येक घराच्या डोक्यावर सरजाबाई चढलेली होती. आत मात्र ती एकाही घरात गेलेली नव्हती.

गाव जिंतूर तालुक्यातलं, चारठाण्याहून दोन कोस आत. सरजाबाई बौद्धवाड्यातली. गावात तिला कुणी अहो म्हणत नव्हतं, मीही म्हणत नव्हतो. आज तिच्याबद्दल सांगताना अहो-जाहो केलं तर ते खोटं होईल, म्हणून जसं होतं तसंच सांगतो.

ज्यांनी माळवद पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगावं लागेल. ते मातीचं सपाट छत. खाली लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर बारीक फळ्या नाहीतर तुराट्या, त्यावर लिंबाचा आणि तरवडाचा पाला आणि सगळ्यात वर चोपून बसवलेली माती. माती कुठलीही चालत नाही. जुन्या गावठाणातली पांढरी लागते, नाहीतर ओढ्याकाठची खारी चोपण. ती पाणी लागलं की फुगते आणि बारीक भेगा आपोआप बुजतात. बाहेर पारा पंचेचाळीसला टेकला तरी माळवदाखाली दुपारी डोळा लागतो. हे मी पुस्तकातून सांगत नाही. अशा घरात माझी पस्तीस वर्षं गेली.

दरवर्षी मृगाच्या आधी छताची डागडुजी करावी लागे. ते काम सरजाबाईचं. तिच्या सासूनं केलं, मग हिनं. परसातल्या भिंतीला शिडी लावून ती वर चढायची. मागच्या वर्षीची वरची भुसभुशीत माती खोऱ्यानं खरडून काढायची, खाली टोपल्यांनी उतरवायची आणि मग तेवढीच नवी घालून पाण्याचा हात देत चोपायची. पाणी कुठं थांबतं ते ती अनवाणी पायांनी ओळखायची. छताला उजेडासाठी ठेवलेल्या भोकातून तिला खालची घरं दिसायची. कुणाच्या चुलीवर काय शिजतंय, कुणाची सून कोपऱ्यात रडतीय, सगळं वरून. माझी आई शांतम्मा तिच्यासाठी भाकरी शिडीच्या खालच्या पायरीवर ठेवायची. पाणी तिच्या ओंजळीत वरूनच ओतायची. आई दयाळू होती असं सगळे म्हणायचे.

"अप्पा, जुनी काढू द्या आदी," सरजाबाई माझ्या वडिलांना, मन्मथअप्पांना, दरवर्षी सांगायची. "नुस्ती टाकत गेलं तर वजन वाढतंय. कड्या वाकतात."

आमच्याकडे आई तिचं ऐकायची. बाकी गाव ऐकत नव्हतं. खरडायला दोन दिवस जास्त लागत, म्हणून लोक म्हणत, जुनी राहू दे, वरून टाक. भगवानराव पाटलांच्या घरावर तर तीन पिढ्यांची माती एकावर एक बसलेली होती. त्यांना ती सांगून थकली. ते म्हणायचे, "लय जाड माळवद म्हनजे लय गार. तुला काय कळतंय?"

गावातली सगळी माळवदं राखणाऱ्या या बाईचं स्वतःचं घर पाचटाचं होतं. बौद्धवाड्यातली अकराच्या अकरा घरं तशीच, पाचटाची आणि तुराट्यांची. पांढरीतली माती बौद्धवाड्याला न्यायची पद्धत नव्हती. कुणी कधी मनाई लिहून ठेवली नव्हती, पण नेत नव्हते.

अठ्ठ्याहत्तर साली जुलैच्या शेवटी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि आमचा सगळा मुलूख पेटला. मी तेव्हा परभणीला कॉलेजात होतो. वीस वर्षांचा. मोर्चात मीही चाललो, घोषणा मीही दिल्या. ते नाव का नको होतं, असं मला आज कुणी विचारलं तर सांगण्यासारखं एकही कारण माझ्याकडे नाही. तेव्हाही नव्हतं. सगळे चालले होते, मी चाललो. कॉलेज बंद झालं आणि मी गावी आलो.

आमचं किराणा दुकान होतं आणि रॉकेलचा परवानाही होता. ऑगस्टातल्या एका दुपारी अप्पा जेवायला आत गेले होते आणि गल्ल्यावर मी बसलो होतो. माझ्याबरोबर शाळेत असलेली चार पोरं आली. त्यातला एक भगवानरावांचा पुतण्या.

"ईश्वर, एक डबा रॉकेल दे," तो म्हणाला.

एक डबा म्हणजे घरच्या दिव्याला लागणारं रॉकेल नव्हे. कशाला पायजे असं मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. मी उठलो, आतून भरलेला डबा आणला आणि त्याच्या हातात दिला. लिहून ठेवू का, एवढं मात्र विचारलं.

तो हसला. "लिहून ठेव की."

पावसानं पाचटं ओली होती, तरी रॉकेलावर ती पेटली. आधी धूर झाला, काळा आणि दाट, आणि मग जाळ दिसला. बौद्धवाड्यातल्या लोकांना कुणकुण लागली होती. ते लेकरं घेऊन ज्वारीच्या उभ्या पिकात जाऊन बसले होते, म्हणून माणूस कुणी दगावलं नाही. दोन शेळ्या दाव्यालाच जळाल्या. अकरा घरं तासाभरात भुईसपाट झाली. आमच्या ओट्यावरून मी ते बघितलं. आईनं मला आत ओढलं आणि दार लावून घेतलं. आमच्या माळवदाखाली तेव्हाही गारच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरजाबाई दुकानावर आली. पदराला राख लागलेली. तिच्या हातात काळा पडलेला रिकामा डबा होता. आमच्या डब्यांवर अप्पांनी पांढऱ्या रंगानं 'म' काढलेला असायचा. तो जळून अर्धा राहिला होता, पण वाचता येत होता.

तिनं डबा पायरीवर ठेवला.

"तुमचाच हाय न्हवं?" ती अप्पांना म्हणाली. "आमच्या दारात पडला व्हता."

अप्पांनी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. ती थोडा वेळ थांबली, उत्तराची वाट बघावी तशी, आणि गेली. अप्पांनी डबा उचलून मागच्या उकिरड्यावर फेकला. त्यावर आमच्या घरात कधीही चर्चा झाली नाही.

पोलीस आले, तलाठी आला, पंचनामा झाला. 'गवती छपरं अकरा, कच्ची' अशी नोंद झाली. पुतण्याला दोन दिवस जिंतूरला नेऊन सोडून दिलं. रॉकेल कुठून आलं, असं मला कुणी विचारलं नाही.

हिवाळ्यात सरकारी मदत आली, ती पत्र्यांच्या रूपानं. प्रत्येक घराला सात पत्रे. पत्रे वाटायला आलेल्या साहेबापुढे सरजाबाई उभी राहिली. हे मी स्वतः ऐकलं, कारण खिळे द्यायला मी तिथं गेलो होतो.

"साहेब, मला पत्रे नकोत. मला लाकूड द्या, आनि पांढरीतली माती न्यायचा कागद द्या. मी माळवद घालते."

"कच्चं छत मंजूर होत नाही, बाई."

"कच्चं म्हनजे?"

"मातीचं असतं ते कच्चं. पत्रा पक्का."

"भगवानरावाच्या घरावर तीन पिढ्याची माती हाय. ते कच्चं हाय का?" साहेबानं कागद उलटले. ती पुढे म्हणाली, "पाचाट जळतंय, ते बगितलं आमी. पत्रा उन्हाळ्यात तापतोय. माती जळत न्हाई आनि तापत बी न्हाई. मग कच्चं कोन?"

साहेब म्हणाला, "सही कर आणि सात पत्रे घे." तिनं अंगठा दिला, कारण तिला सही येत नव्हती.

पांढरीच्या मातीसाठी ती भगवानरावांकडेही गेली. ते म्हणाले, "आजवर गेली न्हाई, आता कशी जाईल? गावात आदीच वातावरन तसं हाय. तूच समजून घे." आयुष्यभर तिनं त्याच पांढरीतली माती उकरून त्यांच्या डोक्यावर वाहिली होती.

मग तिनं ओढा धरला. तिचा नवरा सिताराम रोजगार हमीवर खडी फोडायला जायचा. तो कामावर गेला की ही टोपलं घेऊन ओढ्याकाठी फिरायची. जागोजागची माती उचलून जिभेवर ठेवायची आणि थुंकायची. लोक म्हणायचे, घर जळाल्यापासून बाई येडी झालीय, माती खायलीय. ती चव बघत होती. खारट लागली की त्या मातीची वाटी करायची, उन्हात वाळवायची, पाण्यानं भरून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी वाटी बुडाशी ओली झाली का ते बघायची. महिनाभरानंतर तिला हवी तशी चोपण सापडली, गावापासून दीड मैलावर, मसणवट्याच्या पलीकडं. तिथं कुणाची मालकी नव्हती.

लाकडासाठी त्यांनी ओढ्याकाठच्या आपल्या तुकड्यातल्या चार बाभळी तोडल्या. लाकूड चार महिने ओढ्याच्या चिखलात बुडवून ठेवलं, म्हणजे किडा लागत नाही. तोडलेल्या चार बाभळींच्या जागी तिनं वीस बिया पुरल्या आणि बाजूनं लिंबाची रोपं लावली. मी एकदा तिकडून जात होतो तेव्हा ती रोपांभोवती काटे लावत होती.

"एवढी झाडं कशाला?" मी विचारलं. डब्याच्या दिवसानंतर मी तिच्याशी पहिल्यांदाच बोलत होतो.

"वीस सालानं कडी बदलावी लागंल," ती म्हणाली. "तवा कुनाच्या दारात जाऊ?"

तिनं वर पाहिलं नाही. मी पुढे गेलो.

एकोणऐंशीच्या मे महिन्यात तिचं माळवद उभं राहिलं. छत सहा खांबांवर, भिंती फक्त आडोशाला. मातीचा थर चार बोटं, त्याच्या वर नाही. सातपैकी सहा पत्रे तिनं शेजाऱ्यांना देऊन टाकले आणि सातवा कापून पाणी पडायला पन्हाळ केली. बौद्धवाड्यातली बाकी दहा घरं पत्र्याची, मध्ये हे एक मातीचं.

मृग बरसला, आर्द्रा बरसल्या, घर गळलं नाही. पण त्या घराची खरी किंमत कळली ती पुढच्या उन्हाळ्यात. पत्र्याच्या घरात दुपारी थांबवत नव्हतं. कोंबड्या मान टाकायच्या. लोक लेकरांना घेऊन सरजाबाईकडे यायचे. एका वैशाखात तिच्याकडे एकाच वेळी तीन बाळंतिणी होत्या, तिन्ही दुसऱ्यांच्या घरच्या. तिची पोरगी सत्यशीला, जाळपोळ झाली तेव्हा आठ वर्षांची होती, ती त्या गर्दीत कोपऱ्यात बसून अभ्यास करायची. पुढं ती दहावी पास झाली आणि नर्सिंगला परभणीला गेली. बौद्धवाड्यातली ती पहिली.

एक्याऐंशी साली मी दुकानात पत्रे विकायला आणले. धंदा चांगला होता. पत्रा एका दिवसात बसतो, दरवर्षी माती खरडावी लागत नाही, पोरीच्या लग्नाआधी घर नवं दिसतं. मी गिऱ्हाइकांना सांगायचो की पत्रा पक्का असतो. त्या साहेबाचा शब्द मला फार उपयोगी पडला. बौद्धवाड्यातले सरकारी पत्रे आठ-नऊ वर्षांत खिळ्यांच्या भोकांपासून गंजले. लोकांनी ते काढून ओढ्यात फेकले आणि नवे माझ्याकडून नेले. ओढ्यातले पत्रे तसेच पडून राहिले. त्यांनी म्हशींचे पाय कापले. सरजाबाईच्या छतावरची खरडलेली माती मात्र दरवर्षी तिच्या तुकड्यात पडायची आणि तिथं तूर जोमात यायची. हा फरक मला दिसत होता. मी पत्रे विकत होतो आणि हे सगळं मला दिसत होतं.

सिताराम शहाऐंशी साली टीबीनं गेला. खडीची धूळ त्याच्या छातीत बसली होती. सरजाबाई एकटीच राहिली, पण काम सोडलं नाही. गावात अजून चाळीसेक माळवदं होती. शिडी आता मीच धरायचो, म्हणजे आमच्या घरापुरती. अप्पा वारले होते, आई थकली होती. माझं लग्न झालं होतं. बायकोनं एकदा सरजाबाईला आत बोलावलं, चहाला. ती दारापर्यंत आली, उंबऱ्याबाहेर थांबली आणि म्हणाली, "राहू द्या. मला वरून सगळं दिसलंय."

त्र्याण्णवच्या सप्टेंबरात किल्लारीचा भूकंप झाला. आमच्याकडे भांडी खाली आली, भगवानरावांच्या एका भिंतीला फूग आली, बाकी काही नाही. सकाळी रेडिओवर कळलं की लातूर-उस्मानाबादकडे गावंच्या गावं गाडली गेली. हजारो माणसं. सगळ्यांच्या तोंडी एकच, दगडमातीच्या भिंती आणि वर माळवद.

त्या दिवसापासून गाव अंगणात झोपायला लागलं. आणि तिसऱ्या दिवशी पारावर भगवानराव सरजाबाईला सगळ्यांसमोर म्हणाले, "तूच रचून ठेवलंस आमच्या डोक्यावर मरन."

ती म्हणाली, "घातली मीच. काढा म्हनलं, तेवढं तुमी ऐकलं न्हाई."

"म्हनजे आमचीच चूक?"

"खांब पोखरल्यात, भिंती फुगल्यात, वर दोन हात माती. तीस सालं झाली, सांगायलेय मी." पण तिचं बोलणं ऐकायला कुणी थांबलं नव्हतं.

सत्यशीला तेव्हा परभणीच्या दवाखान्यात नोकरीला लागली होती. तिला मदतीसाठी भूकंपाच्या गावांत पाठवलं होतं. वीस-बावीस दिवसांनी ती खडकतळ्याला आली. सरजाबाईच्या दारात काय बोलणं झालं ते मी ऐकलं, कारण त्याच वेळी मी तिथं गेलो होतो. आमचं माळवद उतरवायचं का, हे विचारायला.

सत्यशीला आत जायला तयार नव्हती. अंगणात उभी होती.

"आई, हे उतरव."

"ह्याला काय झालंय? चार बोटं माती हाय. सहा खांबांवर हाय. भिंत पडली तरी छत उभं राहतंय."

"मला माहीत आहे."

"मग?"

"मी तिथं माती उकरली, आई. हातानं. एक बाई लेकराला पोटाशी धरून होती, दोघांच्या तोंडात माती. तीच पांढरी. तुझ्या पदराला लहानपणापासून जिचा वास यायचा, ती." सत्यशीला रडत नव्हती. "मला तुझं सगळं पटतंय. पण मला या छताखाली बसता येणार नाही. तू इथं झोपलीस तर मला परभणीत झोप येणार नाही."

सरजाबाईनं वर छताकडे पाहिलं. मग तिनं विचारलं, "किती माती व्हती तिथं?"

"कुठं दोन हात. कुठं तीन."

"खरडली न्हाई कुनी," ती हळू म्हणाली.

"आई!"

"उतरवते," सरजाबाई म्हणाली. "तू जेवून घे."

तिनं आठ दिवसांत ते एकटीनं उतरवलं. माती तुकड्यात टाकली, पाला जाळला, बाभळीच्या कड्या एकावर एक रचल्या. चौदा वर्षांनी एकही कडी किडलेली नव्हती. पत्रे तिनं माझ्याकडून नेले. मी भाव कमी करतो म्हणालो, तर म्हणाली, "कशापायी?" आणि सगळ्यांना असतो तोच भाव दिला.

मला मात्र ती म्हणाली होती, "तुमचं उतरवू नका, ईश्वरअप्पा. तुमच्या आईनं दरसाल खरडून घेतलंय. पाच बोटं बी माती नसंल. खांब सागाचे हायत. फकस्त वरच्या अंगाच्या दोन तुळया लोखंडी पट्टीनं खांबाला आवळून घ्या. हे तुमच्या नातवाला पुरंल."

तिचं बरोबर होतं हे मला माहीत होतं. पण दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक विचारायचं, तुमच्याच घरावर माती कशी? पुढच्या महिन्यात मी तिलाच बोलावून आमचं माळवद उतरवलं. ती आली. कुरकुर केली नाही. आई ओसरीत बसून बघत होती. सगळं झाल्यावर वर उघडं आभाळ दिसायला लागलं तेव्हा आई म्हणाली, "आता तरी हिला आतून घर दिसलं."

त्या हिवाळ्यात सरजाबाईला कधी नव्हतं एवढं काम होतं. आयुष्यभर तिनं जी छतं राखली ती सगळी तिलाच उतरवायला लावली. दुसरं कुणाला ते येत नव्हतं. घाईनं उकललं की कड्या अंगावर यायच्या. जुनं सागवान व्यापाऱ्यांनी ट्रक भरभरून नेलं. मातीचे ढीग गल्लीत पडले, पावसात वाहून गेले. आणि माझ्या दुकानापुढं पत्र्यांचे गठ्ठे उतरत राहिले.

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला ती भगवानरावांच्या माळवदावर होती. दोन हात खोल खणावं लागत होतं. खोऱ्यानं कापलेल्या कडेला मातीचे थर वेगवेगळे दिसत होते, एकेका सालाचे. त्या दिवशी विद्यापीठाच्या नामविस्ताराची बातमी आली. बौद्धवाड्यात हलगी वाजायला लागली, गुलाल उधळला. सोळा वर्षं झाली होती.

भगवानराव अंगणात उभे होते. वर बघून म्हणाले, "झालं बाबा तुमचं नाव एकदाचं. आता तरी खुश?"

सरजाबाईनं खोरं थांबवलं. "माझं नाव सरजाबाईच हाय, पाटील. ते कदी कुनाला इचारून ठेवलं नव्हतं. तुमी जरा बाजूला सरका, माती पडायलीय."

काम अर्धं टाकून ती उतरली नाही. संध्याकाळपर्यंत खणलं आणि मग बौद्धवाड्यात गेली. तिथं तिनं गुलाल लावून घेतला असं मी ऐकलं.

त्या वर्षीचा उन्हाळा गावानं पत्र्याखाली काढला. सगळ्या गावानं, वरच्या आळीनंही. दुपारी घरात भट्टी. लोक लिंबाखाली, देवळात, पुलाखाली. आमच्या आईला एप्रिलच्या शेवटी चक्कर येऊन पडल्याचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत ती गेली. ऐंशी वर्षांची होती, डॉक्टर म्हणाला वयानं गेली. तसंही असेल.

मे महिन्यात भगवानरावांनी सरजाबाईला बोलावलं. "पत्र्यावर कायतरी टाक बाई. कडबा, पाचाट, कायबी. घरात बसवत न्हाई."

"टाकते," ती म्हणाली. "पर इस्तू लागला तर मला म्हनू नका. पाचाट लय लवकर पेटतंय. तुमच्या पुतन्याला इचारा."

भगवानरावांनी मान फिरवली. ती तशीच दुकानावर आली आणि सुतळी मागितली, पाचट बांधायला. मी देत असताना मला वाटलं, आता बोलावं. तो डबा मी दिला होता असं म्हणावं. सोळा वर्षं ते माझ्या तोंडाशी होतं. मी म्हणालो, "सरजाबाई, त्या सालचं..."

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "तवाच ठावं व्हतं. अप्पांचं तोंड बगितलं आनि तुमचं बगितलं." तिनं सुतळी ओढून तिचा पीळ पाहिला. "आता सांगून तुमाला हलकं वाटंल. मला काय?"

ती सुतळी घेऊन गेली.

पावसाळ्याच्या तोंडाला सत्यशीला तिला परभणीला घेऊन गेली. दसऱ्याच्या सुमारास मी माल आणायला परभणीला गेलो तेव्हा त्यांचा पत्ता शोधून काढला. दवाखान्याच्या मागं स्लॅबच्या खोल्या होत्या, एकावर एक. सरजाबाई खोलीत नव्हती. आवारातल्या एका झाडाखाली गोणपाटावर बसली होती. आत स्लॅब तापतो, म्हणून ती दिवसभर तिथंच असते, असं शेजारणीनं सांगितलं. हात बारीक झाले होते, नखांत माती नव्हती.

मी गावाकडच्या चार गोष्टी सांगितल्या. कोण वारलं, कुणाचं लग्न झालं. ती ऐकत होती. तिच्या बाभळी चांगल्या वाढल्यात, असंही सांगितलं. मग ओढ्याला यंदा पाणी कसं आहे ते तिनं विचारलं, मी सांगितलं.

निघताना ती म्हणाली, "दुकान कसं चालतंय?"

"चांगलं चालतंय," मी म्हणालो. "पत्र्याला मागणी लय हाय."

"असनारच," सरजाबाई म्हणाली आणि सावली सरकली होती, म्हणून गोणपाट उचलून झाडाच्या दुसऱ्या अंगाला जाऊन बसली.